जिन्यातलं कपाट

कपाट वळणावर अडकलं तेव्हा त्याच्या वरच्या अंगाला कोच होते आणि खालच्या अंगाला त्यांचा जावई. खरं सांगायचं तर सकाळपासून कोचना हेच हवं होतं. दोघांच्या मध्ये काहीतरी भक्कम असावं, एकमेकांची तोंडं दिसू नयेत.

"पुन्हा एकदा," कोच वरून म्हणाले. "खांदे खाली, माना आत, आणि सगळ्यांनी मिळून."

"सगळे म्हणजे आम्ही दोघंच," खालून थोरले म्हणाले. "तू वर उभा राहून भाषण देतोयस."

"मी ओढतोय, दादा."

"तू टेकलायस."

थोरले म्हणजे कोचचे मोठे भाऊ. सामान हलवायचा त्यांचा धंदा होता. ट्रक त्यांचा, पट्टे त्यांचे, जुनी ब्लँकेटं त्यांची, आणि धंद्यात आजवर एकही कपाट त्यांनी असं अडकवलं नव्हतं. पण भाऊ सोबत असला की दोघांच्याही अंगात एकच वारं शिरायचं. जगातली बाकीची माणसं जिन्यातून कपाट नेताना वर बघतात, कोपरे बघतात. ह्या घरातली माणसं डोकं खाली घालतात आणि रेटतात. तीन पिढ्या रग्बीच्या मैदानावर स्क्रमच्या पहिल्या फळीत गेल्या होत्या. आठ जणांनी माना एकमेकांत अडकवायच्या आणि समोरच्या आठ जणांना मागे ढकलायचं, असला तो प्रकार, आणि त्यात वर बघणाऱ्याची मान मोडते. त्यामुळे तिघांपैकी एकानेही वळणावरचा लोखंडी कठडा पाहिला नव्हता. आता कपाट भिंत आणि कठडा यांच्यामध्ये असं काही बसलं होतं, की सुताराने ते तिथेच बनवलंय असं वाटावं.

हे कपाट कोचच्या वडिलांनी पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळल्यावर करून घेतलं होतं आणि सोबत नियमही करून ठेवला होता: घरातला जो कोणी देशाकडून खेळेल, कपाट त्याच्या घरी. थोरले एकदाच राष्ट्रीय संघात निवडले गेले, तेही राखीव म्हणून. सगळा वेळ गणवेशात बाकावर बसले, दोनदा उठून अंग मोकळं केलं, आणि सामना संपला. वडिलांनी बराच विचार करून निकाल दिला की बाकावर बसणं म्हणजे खेळणं नव्हे. पुढे धाकटा खेळला आणि कपाट थोरल्यांच्याच ट्रकमधून धाकट्याच्या घरी गेलं. वर्तमानपत्रं धाकट्याला 'दगड' म्हणू लागली, कारण त्याला धडकलेली माणसं उचलून न्यावी लागायची आणि हा तिथेच उभा असायचा. खेळणं संपल्यावर तो आधी क्लबांचा आणि मग देशाचा कोच झाला, पण थोरल्यांच्या तोंडी तो अजून दगड्याच होता.

आता कपाट न्यायची पाळी जावयाची होती. जावई राष्ट्रीय संघाचा कर्णधार, पहिल्या फळीत मधोमध खेळणारा, म्हणून घरात त्याला सगळे कप्तानच म्हणायचे. लग्न झालं तेव्हा भाड्याच्या खोलीत एक तर कपाट मावलं असतं नाही तर नवरा-बायको. आता तिसऱ्या मजल्यावर स्वतःचं घर झालं होतं आणि आज ते कपाट समारंभाने वर जायचं होतं.

आणि कप्तानला संघातून काढलंय हे त्या जिन्यात फक्त कोचना माहीत होतं.

शनिवारच्या सामन्याची यादी त्यांनी सकाळीच रग्बी मंडळाकडे दिली होती. संध्याकाळी ती जाहीर व्हायची होती. एकूण तिघांना वगळलं होतं. त्यातल्या दोघांना त्यांनी आदल्या दिवशी सरावानंतर बोलावून तोंडावर सांगितलं. तिसऱ्याला बोलवायची वेळ आली तेव्हा त्यांना अचानक दुसऱ्या कामाची आठवण झाली आणि ते घरी निघून आले.

खालच्या पायरीवर चषकांचं खोकं मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंना मात्र सकाळपासून शंका येत होती. कोचच्या ह्या पत्नी दातांच्या डॉक्टर. दोघांची ओळखच कोचच्या समोरच्या दोन दातांमुळे झाली होती, जे त्यांनी मैदानावरून खिशात घालून आणले होते. माणूस खुर्चीत बसून "काही दुखत नाही" म्हणाला की नेमकं कुठे दुखतंय हे बाईंना कळायचं. आज नवऱ्याने कोणी न सांगता कप विसळले होते. ट्रकमध्ये बसताना ते जावयाला म्हणाले होते, "तुझे बूट छान आहेत हं." एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी कुणाच्या बुटांबद्दल मत दिल्याचं बाईंना आठवत नव्हतं. जबडा सुजलेला माणूस हवापाण्याच्या गप्पा मारतो, तसलं काहीतरी हे होतं.

"बाबा, चहा ठेवलाय," वरून लेक कठड्यावर वाकून म्हणाली. "आणि संघ संध्याकाळीच जाहीर होणार ना? ह्याच्या आईचा फोन येऊन गेला. टीव्ही कधी लावू विचारत होत्या."

"बघू," कोच म्हणाले.

"बघू म्हणजे?"

"मंडळ ठरवतं ते."

"वेळ मंडळ ठरवतं. यादी कोण ठरवतं?"

"कपाट सरकतंय का बघ जरा."

"मला कपाटाचं डोकं दिसतंय आणि तुमची पाठ. यादी दिलीत का?"

लेक वकील होती. साक्षीदार प्रश्न सोडून फर्निचरबद्दल बोलायला लागला की तो अर्धा आपल्या हातात आलाय, हे तिला पहिल्या वर्षीच कळलं होतं.

"दिली," कोच म्हणाले.

"मग झालं तर," खालून कप्तान हसत म्हणाला. त्याच्या खांद्यावर कपाटाचा निम्मा भार होता आणि तरी तो हसत होता. "त्यांना कशाला छळतेस? एवढं कपाट देतायत."

ते ऐकून कोचनी कपाळ कपाटाला टेकवलं. त्यांना मनापासून लाज वाटली. समोर अडीच मण वजनाचे गडी धावून आले तेव्हा जी भीती वाटली नव्हती ती ह्या चांगल्या पोराच्या हसण्याने वाटत होती. हा पोरगा त्यांना आवडत होता, ही खरी भानगड होती. नावडता असता तर कालच सांगून मोकळे झाले असते.

तेवढ्यात कप्तानच्या मागच्या खिशात फोन वाजला.

"काका, जरा काढता का? माझे दोन्ही हात अडकलेत."

थोरले एक हात सोडू लागले.

"उचलू नका," कोच म्हणाले.

"का?"

"काम चालू असताना फोन नाही. माझा नियमच आहे."

फोन थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. मग थोरल्यांचा वाजला. मग खालच्या पायरीवर बाईंचा वाजला, आणि शेवटी वर लेकीचाही. चार फोन चार सुरांत वाजत होते आणि त्या अरुंद जिन्यात कुणाला कुणाचं ऐकू येईना. फक्त कोचचा फोन गप्प होता, कारण ते तो घरी विसरले होते, म्हणजे त्यांनी तो उशीखाली ठेवला होता. मंडळातल्या कुणाचं तरी तोंड संध्याकाळपर्यंत बंद राहिलेलं दिसत नव्हतं.

"अहो," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही बोलता की मी फोन उचलू?"

कोच बोलले. ते कपाटाच्या माथ्याकडे बघून बोलले.

"शनिवारी तू नाहीस."

"काय?"

"संघात. तू नाहीस संघात."

फोन एकेक करून थांबले. थोरले कप्तानच्या खांद्याला खांदा लावून उभे होते आणि त्यांनी पाय मागे घेतले, कारण आता कपाट खाली येणार याची त्यांना खात्री होती. कप्तानच्या जागी ते असते तर त्यांनी सोडलंच असतं, आणि वरून दोन शब्दही सुनावले असते. पण भार होता तिथेच राहिला. कप्तानच्या मानेची शीर तेवढी तट्ट फुगली.

"काका," तो म्हणाला, "तुमची बाजू अर्धा हात मागे घ्या. हं. आता कठड्यापासून सोडवा. हळू."

कपाट सुटलं. दोघांनी ते मधल्या सपाट जागेवर टेकवलं आणि त्याच्या कडेने माणूस जाईल एवढी फट झाली. त्या फटीतून सासऱ्या-जावयाला एकमेकांची तोंडं दिसली.

"सर," कप्तान म्हणाला.

घरात 'बाबा' आणि मैदानावर 'सर', असा नियम बाईंनी लग्न ठरलं तेव्हाच घालून दिला होता. घरात 'सर' आज पहिल्यांदा ऐकू आलं. बाई खोकं हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"काल तुम्ही दोघांना खोलीत बोलावलंत," कप्तान म्हणाला. "दार लावलंत, बसायला खुर्ची दिलीत, तोंडावर सांगितलंत. सगळ्यांना तसंच सांगता. मला बोलावलं नाहीत. म्हणून मी घरी येऊन हिला सांगितलं, की मी आहे."

कोचनी कपाटाच्या कडेवरचा हात काढून घेतला.

"काढल्याचं मी बघून घेईन. पण मला जिन्यात सांगितलंत, सर. तेही काकांच्या कपाटाखाली."

"माझं नाहीये ते," थोरले सवयीने म्हणाले आणि मग त्यांना वाटलं, आत्ता बोललो नसतो तरी चाललं असतं.

वरून लेकीचा आवाज आला. कोर्टात ती आवाज चढवत नसे आणि इथेही तिने चढवला नाही.

"घर आमचं आहे. आत खोल्या दोन आहेत, दोन्ही रिकाम्या. त्यातली एक घ्या आणि ह्याला नीट सांगा. आम्ही थांबतो."

आतल्या खोलीत रंगाचा वास होता. बसायला एक रंगाचा डबा होता आणि एक खोकं, ज्यावर 'काच' असं लिहिलेलं होतं. कोचनी डबा कप्तानला दिला आणि स्वतः उभे राहिले. मग त्यांना वाटलं, उभं राहून सांगणं बरं नाही. ते खिडकीच्या कट्ट्यावर बसले, पण तिथून पाय लोंबकळत होते. शेवटी ते खाली फरशीवरच बसले, गुडघे कुरकुरले, आणि जावई त्यांच्याहून वर राहिला.

"तू शनिवारी खेळणार नाहीस," ते म्हणाले. "स्क्रममधून उठायला तुला आता वेळ लागतो. तू उठेपर्यंत खेळ पुढे गेलेला असतो, आणि मग तू त्याच्या मागे धावतोस. गेल्या तिन्ही सामन्यांत मी हेच बघतोय."

"कर्णधार?"

"दुसरा केलाय."

"बाकावर?"

"नाही."

कप्तानने मान हलवली. खिडकीतून खालचा ट्रक दिसत होता.

"परत घ्याल?"

इथे खोटं बोलायला चांगली जागा होती. बाहेर दाराला तीन कान लागलेले कोचना ऐकू येत होते आणि त्यातला एक लेकीचा होता. हो म्हटलं तर ती आज बोलेल तरी. नाही म्हटलं तर ह्या घराचं दार आपल्याला पुन्हा कधी उघडेल कोण जाणे. खरी धास्ती त्यांना कालपासून हीच होती, स्वतःच्या लेकीच्या घरी आपण नकोसे होऊ याची.

"मला नाही वाटत," ते म्हणाले. "तुला आणखी दोन वर्षं हवी होती. मलाही हवी होती. नाही मिळत."

कप्तानने तोंड दोन्ही हातांनी पुसलं. मग पुन्हा पुसलं. कोच फरशीकडे बघत बसले. त्यांना स्वतःला काढलं होतं तेव्हा ते केस कापायला बसले होते आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने पेपर वाचताना मोठ्याने सांगितलं होतं. अर्धं डोकं कापलेलं असताना उठूनही जाता येईना. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं होतं, की आपण कुणाशी असं वागायचं नाही. आणि वागले ते नेमके ह्याच्याशी.

"काल बोलवायला हवं होतं," ते म्हणाले. "घाबरलो मी."

"तुम्ही?"

"हो. तिला."

कप्तानच्या तोंडातून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि मधेच अडकलं.

बाहेर थोरल्यांना एका गोष्टीने पछाडलं होतं. ती बोलायची ही वेळ नव्हे हे कळत होतं, आणि तरी ती घशाशी येत होती.

"मी काय म्हणतो," ते अखेर कुजबुजले. "नियमाप्रमाणे आता हे कपाट..."

"माझ्या घरी परत येणार नाही," बाई म्हणाल्या. "भावोजी, त्याच्या जागी मी पुस्तकांची मांडणी लावलीय. भिंतीला भोकं पाडून झाली."

"नाही, मी आपलं नियमाचं म्हणतोय. आता घरात खेळणारं कुणीच उरलं नाही. मग बाकावर बसलेल्या माणसाचा विचार व्हायला हरकत नाही. गणवेशात होतो मी."

"मोठे काका," लेक म्हणाली, "आत्ता?"

थोरल्यांना वाईट वाटलं. आयुष्यभर ह्या कपाटावर डोळा होता, आणि ते मिळायची वेळ आली ती अशी, कुणाच्या तरी पडत्या काळात. त्यांनी विषय तिथेच सोडला. ट्रकचे पट्टे गुंडाळत उभे राहिले.

दार उघडलं. कप्तान आधी बाहेर आला, डोळे लाल, पण मान सरळ. तो बायकोजवळ जाऊन उभा राहिला. तिने त्याचा हात घट्ट धरला आणि वडिलांकडे पाहिलं. कोच दारातच थांबले. पुढे यावं की नाही, त्यांना कळेना.

"मी घरी जातो," ते म्हणाले. "दादा, कपाट ट्रकमध्ये घालू. तुझ्याकडे ने."

"का?" लेकीने विचारलं.

"नियम..."

"बाबा, माझे सगळे कपडे आठ दिवस खोक्यात आहेत. मी रोज कोर्टात चुरगळलेली जाते. कपाट कपडे ठेवायला असतं. ते वर येणार. चषक ज्याला हवेत त्याने न्यावेत."

धाकट्याच्या बायकोला वहिनी म्हणावं की सूनबाई ह्या गोंधळात न पडता थोरल्यांनी थेट बाईंच्या हातातलं खोकं मागून घेतलं आणि ते छातीशी धरलं. आत एकही चषक त्यांचा नव्हता, पण वजन चांगलं होतं.

"मग मी थांबू?" कोचनी विचारलं.

"कपाट वर येईपर्यंत थांबा," लेक म्हणाली. "पुढचं पुढे."

एवढंच मिळालं. कोच मुकाट्याने जिना उतरले आणि कपाटाच्या खालच्या अंगाला जाऊन उभे राहिले. सगळा भार तिथे येतो हे तिघांनाही माहीत होतं. थोरले खोकं ठेवून भावाच्या बाजूला जायला निघाले, पण कप्तानने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"काका, तुम्ही वर माझ्याबरोबर या."

"त्याला एकट्याला झेपायचं नाही रे."

"दगड आहेत ते."

थोरल्यांना ही व्यवस्था एकदम पटली. ते चटकन वर आले आणि त्यांनी पट्टा हाताला गुंडाळला.

"सांगतो तेव्हाच उचलायचं," कप्तान खाली बघत म्हणाला. "डोकं वर ठेवायचं. ढकलायचं नाही."

"बरं," कोच म्हणाले.

कपाट उठलं. वळणावर आलं, कठड्याला चाटून गेलं, भिंतीपासून सुटलं आणि पायऱ्यांवर चढलं. कोचच्या खांद्यावर आता ते सगळंच्या सगळं होतं. कान तापले, मांड्या थरथरू लागल्या. मागोमाग खाली आलेल्या बाई म्हणाल्या, "कंबर सांभाळा," आणि मदतीला मात्र आल्या नाहीत.

"थांबा," कप्तान म्हणाला. "मला हात बदलायचाय."

कोच थांबले. वर हात बदलायला फार वेळ लागत होता. एक हात पुसला गेला, मग दुसरा. मग बाह्या वर झाल्या. थोरल्यांनी काहीतरी विचारलं आणि कप्तानने त्याचं सविस्तर उत्तर दिलं. कोचच्या कपाळावरचा घाम नाकावर आला आणि तिथून पायरीवर पडला. वर बघायचा हुकूम होता म्हणून ते वर बघत होते, आणि कपाटाच्या कडेने त्यांना लेकीचा चेहरा दिसत होता.

"पुरे झालं," लेक नवऱ्याला हळूच म्हणाली. "घे आता."

"अजून थोडं," कप्तान म्हणाला.

लेकीने खाली वडिलांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, पाय फाकलेले होते आणि खांदा कपाटाखाली घट्ट होता. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"बरं," ती म्हणाली. "थोडंच."

खाली कोचनी खांदा नीट बसवला. कालपासून पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की आपल्याला ह्या घरी परत यायला मिळेल.